सातवर अडकणारा काटा

मित्रांनो, शेडच्या दारातून आत आलात की उजव्या हाताच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक निळा पंप दिसेल. रंग उडालेला, नळीला दोन ठिकाणी ठिगळं आणि डोक्यावरच्या गोल तबकडीवर आडवी चिकटवलेली पांढरी पट्टी. तो म्हातारा मीच. गेली तीन वर्षं मी कुणाच्या कामाचा नाही, तरी मला कुणी फेकून देत नाही. असं का, तेच सांगायला आज बसलो आहे. खरं म्हणजे टांगलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही शेकडो भाऊ निघालो. शेवटच्या टेबलावर करड्या ॲप्रनमधली एक बाई आमची परीक्षा घ्यायची. तिनं माझ्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि मूठ खाली रेटली. माझ्या तबकडीतला काटा शांतपणे वर चढला. अंगठा काढल्यावर तितक्याच शांतपणे शून्यावर आला. "हा खरं बोलतो," ती शेजारणीला म्हणाली आणि तिनं मला खोक्यात ठेवलं. जन्मतःच मिळालेली ही शाबासकी मी पुढे फार दिवस मिरवली.

खोकं उघडलं ते समुद्राकाठच्या या शेडमध्ये, मास्तरांच्या हातात. मास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही. ते शिकवतात पतंगावर समुद्रात जायला. पायाखाली फळी, हातात दांडी, कमरेला पट्टा आणि वर आकाशात खोलीएवढा पतंग. तो पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. हा पतंग कागदाचा नसतो बरं का. त्याच्या पुढच्या कडेला मांडीएवढी जाड रबरी नळी असते आणि तीत हवा ठासून भरली की त्याला आकार येतो. ती हवा भरणं हे माझं काम. नळी टणक असली तर पतंग वाऱ्याला छाती देतो. ती मऊ राहिली तर मोठ्या झोताबरोबर मधोमध मुडपतो आणि खाली येतो, माणूस पाण्यात असो वा नसो.

शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात मास्तरांची बायको शिवणयंत्रावर फाटके पतंग शिवायची. सगळे तिला काकू म्हणत. गळ्यात कात्री, ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकंच. आणि या दोघांची एकुलती एक लेक. ती आठ वर्षांची असताना माझी मूठ खाली दाबायला तिचं वजन पुरायचं नाही. मग ती दोन्ही पाय वर घेऊन मुठीला लोंबकळायची आणि हळूहळू खाली यायची. पाच-सहा वेळा असं केलं की धापा टाकत ओरडायची, "बाबा, दोन झाले." काटा सातपर्यंत न्यायला तिला अर्धा तास लागायचा. मला काही घाई नव्हती.

मास्तरांची शिस्त कडक होती. माझ्या अंगाला एक छोटी दोरी आहे, टोकाला कडी असलेली. हवा भरायच्या आधी ती कडी पतंगाला अडकवायची आणि पाय माझ्या पायपट्ट्यांवर घट्ट रोवायचे, म्हणजे वाऱ्यानं पतंग उचलला तरी तो निसटत नाही. "आधी दोरी, मग हवा," हे लेकीला पाढ्यासारखं पाठ होतं. हवा भरली की पतंग पालथा घालायचा, त्यावर ओंजळी-ओंजळींनी वाळू टाकायची, एक मिनिटसुद्धा उघडा सोडून जायचं नाही. मग दांडीपासून पतंगापर्यंतच्या दोऱ्या पायी चालत, बोटांतून सोडत तपासायच्या. आणि या सगळ्याआधी, काटा सातवर आला की नाही ते बघायचं. "सात म्हणजे सात, साडेसहा नाही," मास्तर म्हणत.

स्वतः मात्र ते काट्याकडे कधी बघत नसत. पतंगाच्या नळीवर बोटाची टिचकी मारत. टण्ण आवाज आला की पुढे, भद्द आवाज आला की आणखी हवा. शिष्यांना काटा शिकवायचा आणि आपण बोट वापरायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

लेक मोठी झाली आणि शिकायला दुसऱ्या शहरात गेली. तिच्यामागे माझे लाड संपले. पूर्वी ती रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्यानं धुवायची, फडक्यानं कोरडं करायची. आता मी असाच ओल्या वाळूत पडून राहू लागलो. खारं पाणी तबकडीत शिरलं, बारीक रेती शिरली आणि एके दिवशी माझा काटा बिघडला. बिघडला म्हणजे मोडला असता तर बरं झालं असतं. तो चारपर्यंत नीट चढायचा आणि चारच्या पुढे जाताच टुणकन सातवर उडी मारून तिथेच अडकायचा. मला आडवं टाकलं की परत शून्यावर. म्हणजे बघणाऱ्याला सगळं यथासांग दिसायचं. मित्रांनो, मी खोटं बोलायला लागलो होतो, आणि तेही अगदी खऱ्याच्या तोंडवळ्यानं.

मास्तरांच्या ते आठवड्याभरात लक्षात आलं. "हा चारलाच सात दाखवतो," ते स्वतःशी पुटपुटले. मग प्रत्येक शिष्याच्या पतंगाला ते टिचकी मारत आणि मऊ लागला की, "अजून वीस दाबा," म्हणत. काम अडत नव्हतं. दुरुस्तीला टाकू, उद्या टाकू, असं करता करता वर्ष गेलं. नवे दोन पंप आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

त्याच सुमारास सिस्टर शिकायला आल्या. पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या इथे हजर. गुडघे कुरकुरत होते, पण उत्साह दांडगा. दोऱ्या तपासताना त्या मोठ्यानं बोलत, "लाल डावीकडे, आहे. गाठ, नाही. पीळ, नाही." बाकीचे शिष्य हसत. त्या म्हणत, "हसा. आम्ही आत घातलेले बोळे मोजल्याशिवाय कुणाचं पोट शिवलेलं नाही."

माझं खोटं त्यांनी तिसऱ्या दिवशी पकडलं. हवा भरताना थांबल्या, नळी चेपून बघितली, काट्याकडे बघितलं, पुन्हा नळी चेपली. मग पिशवीतून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी काढली, माझ्या तबकडीवर आडवी लावली आणि पेनानं लिहिलं : 'काटा खोटा. वापरू नये.' त्यांच्या दवाखान्यात बिघडलेलं उपकरण चांगल्यांच्या रांगेत परत ठेवायची सोय नव्हती. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. एखाद्याचं आजारपण घरात कुणीतरी ओळखावं तसं.

पण चार दिवसांनी नवी तुकडी यायची होती. मास्तर सामान मांडत होते. माझ्यावरची पट्टी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सिस्टर, नवी माणसं काय म्हणतील? मास्तरांकडे सगळं मोडकं सामान?" आणि त्यांनी पट्टी ओढून काढली.

"मास्तर, तो काटा खोटा आहे."

"अहो, मला माहीत आहे ना. बास झालं."

"तुम्हाला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पंपाला हात लावणाऱ्या बाकीच्यांना?"

मास्तर हसले, पट्टीचा बोळा करून डब्यात टाकला आणि मला नव्या पंपांच्या रांगेत उभं केलं. तुकडी आली आणि गेली. मास्तरांचं बोट होतंच, त्यामुळे काही झालं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात लेक सुट्टीवर घरी आली. दोन वर्षांनी. सकाळी वारा झकास होता, किनाऱ्याच्या कडेकडेनं वाहणारा. मास्तरांची दाढ ठणकत होती आणि ती काढायला त्यांना नेमकी तीच वेळ मिळाली होती. जाता जाता ते गालाला हात लावून म्हणाले, "जा तू पाण्यात, माझ्यासाठी थांबू नकोस. पतंग धरायला आई आहे."

ती शेडमध्ये आली. आम्ही तीन पंप ओळीनं उभे होतो. दोन नवेकोरे. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अरे, तू आहेस अजून," म्हणत मला उचललं. माझ्या तोंडाला शब्द असता तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

तिनं एकही गोष्ट चुकवली नाही. पाठीवर वारा घेतला. वाऱ्याच्या दिशेनं पुढे मोकळी जागा आहे ना, ते बघितलं. आधी दोरी, मग हवा. आता तिला लोंबकळायची गरज नव्हती, ती सरळ पाठीनं दाबत होती. नळीतून परत येणारा जोर मला कळतो. चार झाले, आणि काट्यानं उडी मारली. तिनं वाकून बघितलं. सात. झाकण बंद केलं, दोरी सोडवली, पतंग पालथा घातला, वर वाळू टाकली, दोऱ्या चालत तपासल्या, छातीसमोरची लाल मूठ ओढून पतंगाची ओढ सुटते आहे ना तेही बघितलं. मग आईला हाक मारली.

काकू कात्री गळ्यात तशीच ठेवून आल्या. पतंग उभा धरला आणि म्हणाल्या, "मऊ लागतोय गं."

"सात आहे आई. आत्ता बघितलं मी."

सात म्हटल्यावर काकू काय बोलणार? सात हा आकडा त्या घरात देवासारखा होता. त्यांनी पतंग सोडला. तो वर गेला आणि लेक पाण्यात शिरली.

पंधरा मिनिटांनी सिस्टर आल्या. वाळूत पडलेला मी त्यांना दिसलो. त्यांनी मला उचललं, तबकडीवरून अंगठा फिरवला. "वहिनी, याची पट्टी कुठे गेली?"

"कसली पट्टी?" काकूंनी विचारलं.

सिस्टरनी सांगितलं. दोघी वळून समुद्राकडे बघत होत्या तेवढ्यात मोठा झोत आला. लांबवर तो पिवळा पतंग मधोमध मुडपला, दोन्ही टोकं एकमेकांना भिडली, आणि तो पाण्यात पडला.

मला पाय नाहीत. मी तिथेच पडून राहिलो आणि दोघी किनाऱ्यानं धावत गेल्या. वारा आणि पाणी लेकीला कडेकडेनं नेत होतं आणि थोड्या वेळानं ती खडकांच्या टोकापलीकडे गेली. पुढचं मला दिसलं नाही. तेवढ्यात मास्तर परतले, तोंडात कापसाचा बोळा. रिकामी वाळू बघितली, मला बघितलं. मी कुठे पडलो आहे आणि कशासाठी वापरला गेलो आहे, हे त्यांना एका नजरेत कळलं. त्यांचा चेहरा तसा पांढरा पडलेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांनी दोघींच्या मागोमाग धाव घेतली.

मित्रांनो, मी आयुष्यात लाखो वेळा हवा आत घेतली आणि बाहेर सोडली आहे. पण त्या सव्वा तासात माझा श्वास कोंडला होता. आठ वर्षांची ती पोर माझ्या मुठीला लोंबकळताना मला दिसत होती.

मग वाळूवर पावलं वाजली. पुढे लेक, काखेत गुंडाळलेला पतंग, गुडघा फुटलेला, फळी गेलेली. तिनं लाल मूठ ओढली होती, दोऱ्या दांडीवर गुंडाळत पतंगापाशी पोचली होती आणि त्या अर्धवट फुगलेल्या नळीला मिठी मारून खडकांपलीकडच्या वाळूवर लागली होती. चारची का होईना, हवा आत होती म्हणून ती तरंगली. तेवढाच माझा तिला उपयोग झाला. माझ्या जिवात जीव आला.

काकू तिचा दंड सोडायला तयार नव्हत्या. सिस्टर गुडघा बांधत होत्या. मास्तर लेकीसमोर वाळूत बसले, तोंडातला बोळा काढला आणि सुजलेल्या गालानं कसंबसं बोलले, "मला माहीत होतं."

"काय?"

"हा पंप. चारला सात दाखवतो. वर्षभर माहीत होतं."

लेक रागावली नाही. "मग मला सांगायचं ना, बाबा," एवढंच म्हणाली.

मास्तर उठले आणि मला घेऊन शेडमध्ये आले. कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. चिंध्या, दोऱ्याचे तुकडे, मोडक्या सुया यांतून त्यांनी तो पट्टीचा बोळा शोधून काढला. नखानं उलगडला, मांडीवर सपाट केला. तिचा चिकटपणा गेला होता, म्हणून काकूंनी पतंगांना लावायचा गोंद दिला. पट्टी माझ्या तबकडीवर परत बसली. मग मास्तरांनी पेन घेतलं आणि सिस्टरच्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली.

तेव्हापासून मी या खिळ्यावर आहे. नवी तुकडी आली की पतंगाला हात लावायच्या आधी मास्तर मला खाली काढतात आणि दोन्ही ओळी वाचून दाखवतात. मग प्रत्येकाला काटाही दाखवतात आणि टिचकीही मारायला शिकवतात, आणि पतंग धरणाऱ्यानं मऊ म्हटलं तर काटा काहीही म्हणो, पतंग खाली ठेवायचा, हेही बजावतात. लेक सुट्टीवर आली की जाता-येता माझ्या डोक्यावर टिचकी मारते. तो लाडाचा भाग.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना धुवा, पुसा, सावलीत ठेवा. आम्ही बिघडू, त्याला इलाज नाही. पण आमचं बिघडणं ज्याला कळेल त्यानं ते स्वतःपाशी ठेवू नये, आमच्या अंगावर लिहून ठेवावं. एवढंच माझं मागणं आहे.

कारखान्यातल्या त्या बाईनं म्हटलं होतं, हा खरं बोलतो. मध्ये एक वर्ष मी तिचा शब्द खाली पडू दिला. आता माझा काटा झाकलेला आहे आणि त्यावरची पट्टी माझ्या वतीनं बोलते. वर लिहिलं आहे, 'काटा खोटा. वापरू नये.' आणि खाली, मास्तरांच्या वाकड्या अक्षरात, 'मला माहीत होतं.' यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे.