खरवडलेली जागा

"काकू, ती शीट पास करा ना. चारला क्लायंटकडे जायचीय," नैना दारातूनच म्हणाली.

शोभनाताईंनी मान हलवली, पण बटण दाबले नाही. पडद्यावर एकशे सत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा होता. अमेरिकी लष्कराच्या इंजिनीअरांनी हा मुलूख पहिल्यांदा मोजला तेव्हाचा. सैन्याचा रस्ता कुठून न्यायचा, तोफांचे गाडे नदी कुठे ओलांडतील, ठाणे कुठे बसवायचे, एवढेच पाहण्यासाठी केलेला. नदीच्या वळणापाशी दलदलीची खूण होती, म्हणजे आडव्या रेघा आणि त्यांवर गवताचे बारके झुपके. बाकी सगळ्या शीटवर रेघ सुईसारखी बारीक होती. या झुपक्यांत मात्र शाई फुटली होती.

"दहा मिनिटं दे," त्या म्हणाल्या.

शोभना रामटेके एकसष्ट वर्षांच्या होत्या. भंडाऱ्याला पाटबंधारे खात्यात त्यांनी एकोणतीस वर्षे अनुरेखक म्हणून काढली. इंजिनीअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवायचा, हे त्यांचे काम. नवरा गेल्यावर मुलगा परीक्षित त्यांना इकडे अमेरिकेत घेऊन आला. तो रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होता, घर बॉथेलला. पहिली दोन वर्षे त्यांनी खिडकीतून पाऊस पाहण्यात घालवली. मग कुणाच्या तरी बारशात नैना भेटली. नैना डोंबिवलीची, वर्क व्हिसावर आलेली. जुने नकाशे आजच्या नकाशावर अचूक बसवून देणाऱ्या एका लहान कंपनीत ती प्रोजेक्ट मॅनेजर होती आणि तिला नकाशा वाचणारी माणसे मिळत नव्हती. गप्पांमध्ये तिने फोनवर एक शीट दाखवली, तर शोभनाताईंनी तिथल्या तिथे दोन चुका काढून दिल्या. त्याला आता चार वर्षे झाली होती. नैनाच दरवर्षी त्यांचे कॉन्ट्रॅक्ट वाढवून घ्यायची, हक्काने डब्यातली भाजी खायची, त्यांना ताप आला तर स्वतः ड्राइव्ह करून घरी सोडायची.

आत्ताचे काम एका मोठ्या गोदामाचे होते. ते त्या नदीच्या वळणावर उभे राहायचे होते. तिथे पूर्वी वस्ती किंवा थडगी होती का, एवढे जुन्या नकाशांवरून सांगायचे होते. लष्कराच्या नकाशात तिथे दलदल होती. दलदलीत कोण राहणार? अहवाल जवळजवळ तयारच होता.

शोभनाताईंनी ती जागा मोठी करून पाहिली. खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. भंडाऱ्याला चुकलेली रेघ काढायला त्या अर्धे ब्लेड वापरायच्या. कितीही हलक्या हाताने खरवडा, वरची तुकतुकी जातेच, आणि पुन्हा तिथे शाई लावली की तिला केस फुटतात. इथे रुपयाएवढ्या जागेत सगळ्या झुपक्यांना केस फुटले होते. त्यांनी प्रकाश कमी-जास्त करून पाहिला. झुपक्यांखाली चौकोनांचे कोपरे होते. एक, दोन, मग एका ओळीत आणखी.

दहा मिनिटांचे दोन तास झाले. हा भाग मोजणाऱ्या लेफ्टनंट कॉर्विनची खिशातली मोजणीवही एका सार्वजनिक संग्रहाने स्कॅन करून ठेवली होती. ती कुणालाही उघडता यायची, पण उघडत कुणी नसे. शोभनाताईंना इंग्रजी वळणदार अक्षर अडखळत वाचावे लागे. त्यांनी पाने उलटत नदीचे ते वळण गाठले. तिथे दलदल नव्हती. पेन्सिलीने काढलेली, इथल्या मूळ लोकांची घरे होती, आणि खाली लिहिले होते: इंडियन घरे, अकरा. मागे टेकाडावर थडगी, पुष्कळ. माणसे शांत. मासे दिले.

म्हणजे लेफ्टनंटने पाहिले होते, मोजले होते, लिहिलेही होते. शाईने नकाशा उतरवणाऱ्यानेही आधी घरे काढली होती. नंतर त्याला कुणीतरी सांगितले असणार. शोभनाताई त्या न पाहिलेल्या माणसाचाच विचार करत बसल्या. त्याने आपल्या मनाने ब्लेड उचलले नसणार.

नैनाने वहीचे पान पाहिले, दार लावून घेतले आणि खुर्ची ओढून बसली.

"काकू, आपल्या स्कोपमध्ये फक्त नकाशाच्या शीट्स आहेत. मोजणीवही नाहीये."

"पण घरं होती ना तिथं. थडगी आहेत."

"असतील. पण क्लायंटने जे विचारलं नाही ते आपण सांगितलं, तर तो पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जाईल. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय, काकू. ही कंपनीच राहिली नाही तर मला साठ दिवसांत नोकरी शोधावी लागेल, नाहीतर सामान बांधावं लागेल. माझ्या अंकुरची शाळा आहे. तुम्हाला माहितीय सगळं."

शोभनाताईंना माहीत होते. चार वाजता नैनाने स्वतः ती शीट पास केली आणि अहवाल गेला.

रात्री जेवताना त्यांनी परीक्षितला सांगितले. तो म्हणाला की कॉन्ट्रॅक्टवर सही केली आहेस, कामातले काहीही बाहेर बोलता येणार नाही. वही सगळ्यांसाठी खुली आहे, असे त्या म्हणाल्या. वही खुली असेल, पण ती तुला कामामुळे सापडली, असे तो म्हणाला. आणि मग जरा चिडून म्हणाला, "आई, तिथली माणसं जाऊन दीडशे वर्षं झाली. तुला काय पडलंय एवढं?"

पुढचे तीन दिवस त्या नेहमीसारख्या कामावर गेल्या. चौथ्या दिवशी तब्येतीचे कारण सांगून रजा घेतली, वहीच्या पानाचा प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि दोन बस बदलून त्या नदीकाठच्या मूळ लोकांच्या कार्यालयात गेल्या. निघताना नैनाला फोन करावा असे त्यांना दोनदा वाटले. फोन केला तर ती विनवणी करेल आणि आपण परत फिरू, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो केला नाही.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या होत्या. डोरिन नावाची सत्तरीची बाई तिथे जमातीचे जुने कागद सांभाळत असे. शोभनाताईंनी आधीच जुळवून ठेवलेली चार इंग्रजी वाक्ये म्हटली आणि पान पुढे ठेवले. डोरिनने चष्मा लावला. एकेका घरावर बोट ठेवत तिने अकरा मोजले. आमच्या आजीला त्या गावाचे नाव माहीत होते, असे ती म्हणाली. तीस वर्षे आम्ही सरकारला सांगतो आहोत की गाव तिथे होते. दर वेळी ते लष्कराचा नकाशा दाखवतात आणि विचारतात, दलदलीत गाव कसे?

मग तिने जागेचा पत्ता पुन्हा नीट विचारला, आणि तिचा चेहरा बदलला. त्या वळणावरची झाडे काढून जमीन सपाट करायची परवानगी वेगळी होती आणि ती आधीच मिळालेली होती. मशिने तीन आठवड्यांपासून चालू होती.

डोरिनने त्याच संध्याकाळी वकिलाला गाठले. तिसऱ्या दिवशी काम थांबले. पण टेकाड तोवर उरले नव्हते. ट्रकांनी माती उचलून वीस मैलांवर नेली होती. तिथल्या एका नव्या पार्किंगखाली बरीचशी पसरून, दाबून, वर डांबरही पडले होते. ते उखडायला कोर्टाने नकार दिला. उरलेला एक ढीग तेवढा जमातीच्या ताब्यात आला. पहिल्याच दिवशी त्यात हाडे मिळाली.

पान कुठून बाहेर आले हे शोधायला कंपनीला एक दुपार पुरली. शोभनाताईंचे ऑफिसात शिरायचे कार्ड बंद झाले. ते त्यांना अपेक्षित होते. क्लायंटने सगळी कामे काढून घेतली, आणि तीन आठवड्यांत नैनाची अख्खी टीम बंद झाली.

नैना भेटायला आली ती साठातले पन्नास दिवस झाल्यावर. बस म्हटले तरी बसली नाही. न्यू जर्सीत आयसेलिनला मावसबहीण आहे, शेवटचे थोडे दिवस तिच्याकडे राहून प्रयत्न करणार, नाही जमले तर तिथूनच परत जाणार, असे तिने सांगितले. आवाज चढला नव्हता.

"तुम्ही चूक केलीत असं मी म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पण काकू, आधी मला सांगायचं होतंत. मला न्यूजमधून कळलं."

"सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस."

"नसतं दिलं," नैना म्हणाली. तिने पायात बूट सरकवले. वाकून नमस्कार करायची तिची पद्धत होती. त्या दिवशी तिने केला नाही. तिची गाडी वळणाआड गेल्यावर शोभनाताई बराच वेळ दाराशीच उभ्या राहिल्या. आतून नात अनिकाने विचारले, "आज्जी, is she mad at you?" त्या हो म्हणाल्या.

परीक्षितने या सगळ्यावर एक शब्द काढला नाही. आईच्या खोलीतला हीटर बिघडला होता तो त्याने दुरुस्त करून दिला, पण तिच्याशी बोलणे कामापुरतेच ठेवले.

फेब्रुवारीत शोभनाताई पुन्हा दोन बस बदलून गेल्या. ढिगाशेजारी ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि जमातीच्या बायका माती चाळत होत्या. पावसाने माती लोण्यासारखी झाली होती, पाणी घालून घालून ती चाळणीतून काढावी लागत होती. शोभनाताई मदतीला पुढे झाल्या तेव्हा डोरिनने त्यांना थांबवले. हाडांना फक्त आमचे हात लागतील, असे ती म्हणाली. माती वाहून आणायची असेल तर आण. त्या दिवसापासून शोभनाताई आठवड्यातून तीनदा जाऊ लागल्या. ढिगातून बादली भरायची, चाळणीपाशी आणायची, चाळलेला चिखल दुसरीकडे नेऊन टाकायचा. गुडघे दुखायचे. कुणी त्यांच्याशी फारसे बोलत नसे, आणि कुणी त्यांना जा असेही म्हणत नसे.

मार्च संपता संपता ढीग कमरेएवढा राहिला. त्यातून मिळाले ते दोन लाकडी पेट्यांत मावले होते. कोणते हाड कुणाचे, कोण कुठे पुरलेले, काही सांगता येत नव्हते. टेकाडच नव्हते, तर जागा कुठली दाखवणार? शोभनाताईंना डोरिनने एकदा विचारले होते, तुला याचा नकाशा करता येईल का? त्यांनी खूप विचार करून नाही म्हटले होते.

त्या दिवशी दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या. डोरिन चाळणीपाशी एकटीच होती. तिने हात न थांबवता विचारले, "तू का आलीस त्या दिवशी? तुझी नोकरी होती."

शोभनाताईंनी बादली खाली ठेवली. हे त्यांनी नवऱ्याला सांगितले नव्हते, मुलाला सांगितले नव्हते. मोडक्या इंग्रजीत त्या सांगू लागल्या. आमच्याकडे एक धरण झाले. पाण्याखाली काय काय जाणार त्याचा नकाशा मी शाईने उतरवला. गावाच्या बाहेर, नाल्याकाठी बावीस घरांची एक टोली होती. आमच्याच लोकांची. साहेब म्हणाले, महसूल नकाशात ही नाही, काढून टाका. मी काढली. अर्ध्या तासाचे काम होते. नकाशात नाहीत म्हणून त्यांना दुसरी जमीन मिळाली नाही. पाणी चढल्यावर एक म्हातारी ऑफिसात आली. म्हणाली, बाई, नकाशा दाखव, त्यात माझे घर दाखव. मी तिला नकाशा उलगडून दाखवला. म्हटले, बघा, तुमचे घर नाही यात.

"मग?"

"तिला वाचता येत नव्हतं. ती नकाशावर हात फिरवत राहिली. मग गेली."

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. डोरिनने चाळणी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले.

"तिचं नाव काय होतं?"

शोभनाताईंनी आठवायचा प्रयत्न केला. लुगड्याचा रंग आठवला, हातातली काठी आठवली, टेबलाच्या कडेला धरलेली बोटे आठवली.

"मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

डोरिनने चाळणी पुन्हा हातात घेतली. शोभनाताईंनी रिकामी बादली उचलली आणि त्या पावसात ढिगाकडे गेल्या.