अमरसिंहांचे ठेवणीतले शब्द

आमच्या भागात माणूस गेलं की दहाव्याला पुढाऱ्याचं भाषण होतंच. पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोकांना बसवून ठेवायला तेवढंच निमित्त. आमचे पुढारी अमरसिंह तर बोलावण्याचीही वाट बघत नाहीत. पूर्वी ते 'लई वाईट झालं' एवढं म्हणून खाली बसायचे, तेच बरं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला शाळेत बक्षीस म्हणून एका जुन्या लेखकाचं बालचरित्र मिळालं आणि सगळा घोटाळा झाला. मी तिथंच शिकवते. मुलीनंच मला सांगितलं, "मॅडम, पप्पा गाडीत बसून त्यातले अवघड शब्द पाठ करतेत."

पोरासोरांसाठी लिहिलेलं पुस्तक, शेवटी शब्दार्थ दिलेले. तेवढ्या भांडवलावर हा गृहस्थ तालुकाभर सुटला. लेखकाच्या आईच्या वर्णनातले शब्द गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांना, लेखकाच्या वर्णनातले पुरुषांना. दारू पिऊन मेलेला आमच्या गावचा बिभीषणसुद्धा 'निःस्पृह' झाला. लाज नावाची चीज नाही.

मग माझी माय गेली, रतनबाई. पालीच्या धरणावर दहावा होता. निदान माझी माय तरी याच्या तावडीतून सुटावी, एवढंच मला वाटत होतं. कुठली सुटते! कावळा केव्हाच शिवून गेला, तरी माइक याच्याच हातात.

"ही सोज्ज्वळ माउली मितभाषी होती, सोशिक होती..."

बायका पदराआड हसल्या. मायचं तोंड अख्ख्या गावाला ठाऊक. माझं डोकं फिरलं. दहाव्याला बाईमाणसानं बोलायची रीत नाही, तरी मी उठले आणि माइक ओढून घेतला.

"माझी माय सोशिक नव्हती. लई भांडखोर होती. या अमरसिंहांनी गावाचा टँकर आपल्या मळ्याकडं वळवला, तवा चाकापुढं आडवी पडली ती. यांना शिव्या हासडल्या अन् टँकर गावात परत आणायला लावला!"

कुणीतरी मोठ्यानं हसलं, मग हुंदके सुरू झाले. माय गेल्यापासून मला नीट रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

चहाच्या वेळी अमरसिंह हळूच जवळ आले. वाटलं, माणूस ओशाळला असेल, दोन शब्द माफीचे बोलेल.

"मॅडम, छान बोललात. भांडखोर बाईला पोरीच्या त्या पुस्तकात कोणता शब्द हाय?"

"शोधू नका," मी म्हणाले. "तसली बाई त्या पुस्तकात न्हाईच."