नवव्या प्रकरणाचा सांधा

चीनमधल्या छंगतू शहरातल्या एका प्रकाशनगृहात मी इंग्रजीतून चिनीत आलेली भाषांतरं तपासते. त्या वसंतात एका कादंबरीने माझी झोप उडवली होती. युएशिन आणि तिचा नवरा बिंगखुन यांनी ती निम्मी-निम्मी वाटून घेतली आणि मधेच त्यांचा घटस्फोट झाला. आठव्या प्रकरणापर्यंत मजकूर तिचा, नवव्यापासून त्याचा. नवव्याला हटकून ठेच लागायची. तिची वाक्यं एकातून एक निघत. त्याचं प्रत्येक वाक्य अचूक, पण 'तो', 'ती', 'कारण', 'जरी' यांनी जखडलेलं. शेजारच्या वाक्याशी बोलायलाच तयार नाही.

छपाई तोंडावर आली होती. मी दोघांना बागेतल्या चहाघरात बोलावलं. माझ्या दोन बाजूंना बसून दोघंही माझ्याशीच बोलू लागले.

"ताई, त्याला सांगा, वाचक इतका मठ्ठ नसतो."

"तिला विचारा, कर्ता गाळून गाळून उरणार काय?"

मी त्याचं एक वाक्य पुढे ठेवलं : तिने कप खाली ठेवला, कारण तो आला नव्हता, जरी तो येणार नाही हे तिला ठाऊक होतं. इंग्रजीला अगदी धरून. पण आमच्या चिनीत 'तो' आणि 'ती' लिहायला वेगळे, उच्चाराला एकच. मोठ्याने वाचलं की कोण आलं नाही आणि कोण थांबलं, काही कळेना.

युएशिनने पेन्सिलीने खाली लिहिलं : येणार नाही हे ठाऊक होतं, तरी वाट पाहिली. चहा निवला. कप खाली ठेवला.

"वाट पाहिली कोणी?" आता त्याने थेट तिलाच विचारलं.

"जी बसलीय तिने."

"घरीही असंच. अर्धं बोलायचं, अर्धं गिळायचं. मी ओळखायचं कसं?"

"आणि तुझ्या प्रत्येक उशिराला एक 'कारण' असायचं."

गिऱ्हाइकांचे कान कोरून देणारा माणूस आपला चिमटा वाजवत टेबलांमधून फिरत होता. तो आवाज माझ्या डोक्यात शिरत होता. युएशिन उठून तळ्यापर्यंत गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. मला वाटलं, बुडालं पुस्तक.

बिंगखुनने कागद ओढला आणि तिच्या ओळी हळू आवाजात दोनदा वाचल्या.

"आधीच्या परिच्छेदात कप तिचाच आहे, म्हणून इथे चालतं," तो म्हणाला. "पण पुढच्या पानावर दोन बायका आहेत. तिथे काय करशील?"

ती उभीच होती. "तिथे नाव घाल. सर्वनाम नको, सरळ नाव."

"म्हणजे तुझ्या चौथ्या प्रकरणातही घालावं लागेल. तिथे आईने दार लावलं की मुलीने, मला अजून कळलेलं नाही."

तिने ते पान काढून वाचलं. "मुलीने," ती म्हणाली आणि नाव लिहिलं.

मग रोज दुपारी ते येऊ लागले. तो वाचायचा, ती ऐकायची. अडखळलं की भांडण. जे आधी घडलं ते आधी, असं वाक्य फिरवून लावेपर्यंत कोणी चहाला हात लावत नसे. मी मात्र घड्याळ बघत बसे. अखेर कादंबरी वेळेत गेली.

ते पुन्हा एकत्र आले नाहीत. उन्हाळ्यात युएशिनने नवं पुस्तक मागितलं.

"एकटी करशील?" मी विचारलं.

"लिहीन मी. वाचून तो दाखवेल. चहाघरात, घरी नाही."

मी पुस्तक दिलं. अजूनही दुपारी फोन वाजला की वाटतं, भांडले.