हौदापाशी

दर गुरुवारी वाघोलीहून दोन बस बदलून मी वल्लरीला शहरात स्पीच थेरपीला नेते. जूनमध्ये ती तीन वर्षांची होईल. अजून एकही शब्द बोललेली नाही. कान तपासून झाले, उत्तम आहेत. "मोबाइल बंद, आणि तिच्याशी भरपूर बोला," थेरपिस्ट म्हणतात. माझा नवरा अभिनव म्हणतो, "बोलेल गं." लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणतो.

थेरपीनंतर परतीच्या बसला तासभर असतो. मंडईच्या गर्दीत तिचं मनगट इतकं घट्ट धरते की वळ उठतो, म्हणून मी आतल्या बोळांतून फिरायला लागले. मोठ्या रस्त्यापासून वीस पावलं आत गेलं की कुणाच्या तरी मोरीत भरणारी बादली ऐकू येते. आणि तिथल्या देवांची नावं! जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा. त्या नावांमागची गोष्ट मी घरी वाचून ठेवायची, समोर पासोड्या, म्हणजे जाड चादरी, विकत म्हणून पासोड्या, आणि पुढच्या गुरुवारी वल्लरीला उभं करून विचारायची. हा कोण? मारुती. म्हण, मा. मा म्हण. ती माझ्या ओठांकडे बघायची, मग जमिनीकडे.

परवा एका बोळाच्या टोकाला जुना दगडी हौद सापडला. कोरडा, कठडा माझ्या मांडीएवढा. मी वल्लरीच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरला. "बाळा, हे काय आहे? हौद. कशाचा? दगडाचा. रंग कोणता? सांग बरं. काळा की पांढरा?"

समोरच्या पायरीवर एक आजी पावटे सोलत बसल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "यंदा दहावीला बसवताय का तिला?"

"ती बोलत नाही." परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगितलं.

"बोलणार कधी? तिचं तोंड उघडायच्या आत तुमचा पुढचा प्रश्न तयार. छत्तीस वर्षं शिकवलं मी. तोंडी परीक्षेतही इतकं छळलं नाही कुणाला."

मला रागच आला. "मंग काय करू मी?"

त्यांचे हात थांबले. "कुठल्या तुम्ही?"

"दर्यापूर. अमरावतीकडे. आता वाघोलीला राहते, तासाभरात परतीची बस आहे."

"आत्ता 'मंग' म्हणालात, ते तिकडचं. एरवी कुठे ठेवता?"

मी सांगितलं. सोसायटीत हसतात. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, घरात शुद्ध बोला, नाहीतर मूल गोंधळतं. म्हणून वल्लरीसमोर मी प्रत्येक वाक्य मनात एकदा तपासून मगच बोलते. आईचा फोन आला की बाल्कनीत जाते आणि दार लावून घेते.

"दार लावून," आजी म्हणाल्या. एवढंच. मग पुन्हा पावटे.

मी उभीच राहिले. बाल्कनीत मी तासतासभर बोलते, हसते, भांडते. काचेच्या आतून वल्लरीला माझे हलणारे ओठ तेवढे दिसत असणार.

"या हौदात कात्रजहून पाणी यायचं, जमिनीखालून," आजी शेंगेकडे बघतच म्हणाल्या. "तिला सांगा. विचारू नका."

मी खाली बसले, वल्लरीला मांडीवर घेतलं. सुरुवात करायला लाज वाटली. "पाह्य वं बाई," मी म्हणाले, "अथी पाणी येत जाय. लय दुरून. जमिनीच्या पोटातून. कोणाले दिसे नाही. बाया पाण्याचे गुंड डोक्यावर घेऊन येत अन् नंबरासाठी अशा भांडत, अशा भांडत, जशी तुही दर्यापूरची आजी टँकरवाल्याशी भांडते." माझ्या आईचं ते भांडण मी हातवारे करून दाखवलं. कितीतरी वेळ बोलले. वल्लरीने जमिनीकडे पाहिलं नाही.

मग ती मांडीवरून उतरली आणि कठड्याला रेलून, टाचा उंचावून आत बघू लागली. माझा हात तिच्या पट्ट्याकडे गेलाच. तळाशी एक मांजर अंग चाटत होतं. 'ते काय आहे?' हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी ओठ घट्ट मिटले. मनात वीसपर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं.

वल्लरीने बोट दाखवलं आणि माझ्याकडे वळली. "अँ?"

शब्द नव्हता तो. पण शेवटाला आवाज वर गेला होता. ती मला विचारत होती.

"मांजर हाये ते वं," मी म्हणाले.

"अँ?" तिने पुन्हा विचारलं.

"मांजर. आंग चाटून राह्यलं."

आजींनी सालांचं ताट बाजूला सरकवून पायरीवर जागा केली. "बसा आता," त्या म्हणाल्या. "ती बस गेली तुमची."