माणिकरावांचा उलटा कोट

मित्रांनो, कोहिनूर गावातल्या एका घरी खुंटीवर लोंबतो तो जुना काळा कोट म्हणजे मी. आज मला कसर लागली आहे. पण एके काळी मी नुसता दिसलो, तरी लग्नाचा मांडव हसायला लागायचा.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास भागाबाईंनी मला शिवलं. त्यांचे यजमान माणिकराव नकला करायचे. मी बाहेरून काळा, साहेबी. आत मात्र लाल-पिवळ्या चिंध्यांचं अस्तर. माणिकराव साहेबाच्या ऐटीत उभे राहायचे आणि एका झटक्यात मला उलटा करून विदूषक व्हायचे. लोक पोट धरधरून हसायचे. थेट गुलबर्ग्याहून बोलावणी यायची. खोटं कशाला बोलू, मलाही थोडी चढली होती.

पण माणिकरावांचा जीव नाटकात होता. गावात बाबासाहेबांच्या जयंतीला गुंडेराव गुरुजी नाटक बसवायचे. त्या वर्षी त्यांनी माणिकरावांना बापाचं काम दिलं. सोलापूरच्या गिरणीतून तो बाप गावी परततो, तर विहिरीवर पाणी नाकारल्यानं त्याची लेक तहानेनं गेलेली असते. आपल्याला रडवताही येतं, हे माणिकरावांना एकदा गावाला दाखवायचं होतं.

"कामून एकाच कोटात दोन सोंगं करायलाव?" भागाबाई म्हणाल्या. "दुसरा शिवते की."

"ऱ्हाऊ दे गं. आत कोन बघायलंय?"

नाटकाच्याच दिवशी बसवकल्याणला एका लग्नात नकलांचं बोलावणं होतं. गुरुजींनी बजावलं, "माणिक, त्या दिशी कुटं जाऊ नको."

"दुपारचं लगीन हाय, गुरुजी. दिवस मावळायच्या आत येतो की."

दोन दगडांवर पाय ठेवायची त्यांची जुनी खोड. लग्न लांबलं, बस चुकली. आम्ही पोचलो तेव्हा पडदा उघडायला आला होता. लेकीच्या अंगावर घालायची शाल लग्नाच्या मांडवातच राहिली होती.

तरीही माणिकरावांनी काम असं केलं की सारं पटांगण चिडीचूप झालं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. लेकीजवळ बसून त्यांनी खांद्यावर शाल चाचपली. ती नव्हती. रडत रडत त्यांनी मला काढलं आणि तिच्यावर पांघरलं. पण हाताला कित्येक वर्षांची सवय! झटक्यासरशी मी उलटा झालो. लाल-पिवळ्या चिंध्या दिव्यात झळकल्या.

आधी एक जण हसला, मग सारं पटांगण. माझ्याखाली पडलेली ‘मेलेली’ लेकसुद्धा खुदकन हसली. माणिकराव खरेच रडत होते, तर लोकांनी टाळ्या पिटल्या.

पुढे नकला चालू राहिल्या, नाव झालं. पण नाटकात त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. रानात एकटे असले की बापाची वाक्यं म्हणायचे. ती ऐकायला मी एकटाच. मला फार वाईट वाटायचं.

मित्रांनो, तुम्हाला हसवणारा माणूस कधी तुमच्यासमोर रडला, तर हसण्याआधी जरा थांबा. त्याचंही दुःख खरं असू शकतं.

माणिकराव गेले, तेव्हा घरी जमलेले लोकही त्यांच्या नकला आठवून हसत होते. सगळे गेल्यावर भागाबाईंनी मला मांडीवर घेतलं, कात्रीनं माझं सगळं अस्तर उसवलं आणि मला माणिकरावांच्या फोटोखाली टांगलं.

"घाला आता," त्या म्हणाल्या. "आता कुनी हसनार न्हाई."