दुसऱ्याचा कान

ऑस्बर्न आता अगदी ‘मेलो’ झाला, असं बेटावरच्या लावेंटिलच्या टेकडीवर सगळेच म्हणत. देठाशी मऊ झालेला आंबा, मुरलेली रम, पिंपापासून घडवलेल्या पॅन या वाद्याचा गोल सूर आणि निवळलेला म्हातारा, सगळ्यांना तिथे हा एकच इंग्रजी शब्द.

हे ऐकलं की त्याची मुलगी जोसलिन हातोडी उचलून कामाला लागे. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, जाळावर धरायचा आणि हातोडीने त्यात एकेक सूर बसवायचा, हे ती याच बापाकडे शिकली होती. बारा वर्षांची असताना एक सूर केसभर चढला, तेव्हा त्याने हातोडीच्या दांड्याने तिची बोटं सुजवली होती. ‘गोड’ हा शब्द पुढच्या तीस वर्षांत तिच्या वाट्याला आला नाही.

यंदा कार्निव्हलच्या आधी बँडचा कप्तान ग्लेनरॉय म्हणाला, “एक टेनर, उंच सुरांचा पॅन करून आण. जमला तर बँडच्या सगळ्या पॅनचं काम तुझ्याकडे.”

ठोकणाऱ्याचा कान दिवसभरात बधिर होतो. म्हणून आपला पॅन आपणच पास करायचा नाही, दुसऱ्याचा कान घ्यायचा, असा तिथला रिवाज. जोसलिनने पॅन बापापुढे ठेवला. त्याने काठीने बाहेरचे सूर वाजवले, मग मधले, सगळ्यात उंच. डोळे मिटून हसला.

“गोड आहे, पोरी. गोड.”

तिला हुंदका आवरेना. तिने पॅन तसाच कापडात गुंडाळला.

शनिवारी बँडच्या तालमीत तो पॅन वाजवताना ग्लेनरॉय मधल्या सुरांपाशी थांबला. “हे काय गं? मांजराच्या शेपटीवर पाय दिलास?”

पोरं खिदळली.

“डॅडींनी ऐकलाय,” ती म्हणाली.

ग्लेनरॉयचा आवाज उतरला. “अगं, काकांना बोलणं कळतं, पण वरचे सूर दोन वर्षांपासून ऐकू येत नाहीत. आम्ही त्यांना पॅन दाखवणंच सोडलं. तुला माहीत नव्हतं?” मग नजर चुकवत म्हणाला, “हंगाम तोंडावर आलाय. काम मी दुसरीकडे देतो.”

दोन वर्षं. म्हातारा निवळला त्यालाही तेवढीच झाली होती.

घरी तो ओट्यावर आंबा चोखत बसला होता. “काय म्हणाला ग्लेनरॉय?”

“तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणाला.”

तो कोय चोखत राहिला. “कान गेलेल्या माणसाला पॅनपाशी कोण बसू देतं?”

“आणि आधी? कान होते तेव्हा? माझे पॅन खरंच वाईट होते?”

“तेव्हा?” त्याला नवल वाटलं. “छे! चांगले होते. फार चांगले.”

“मग एकदा तरी बोलायचं होतं.”

“बोललो असतो तर हात ढिला पडला असता तुझा.” त्याने बोटं चाटली, दुसरा आंबा दाबून पाहिला आणि तिच्यापुढे धरला. “घे. मस्त पिकलाय.”

तिने घेतला नाही. कापड सोडून ती मधला सूर उतरवायला बसली. प्रत्येक ठोक्याला म्हातारा मान डोलवत होता, चुकलेल्यासुद्धा.