हिरालालची माती

आधीच सांगून ठेवतो, मी काही वाईट माणूस नाही. सौंदड स्टेशनावर कितीतरी वर्षं बाबू होतो. कोणाला विचारा, माझ्याबद्दल कोणी वावगा शब्द काढणार नाही. आता मी रागीट आहे म्हणतील, तर आहे. एकटा राहणारा माणूस रागीट होणार नाही तर काय भजन गाईल?

सन चौतीसची गोष्ट आहे. नोकरी सौंदडला आणि घर कुडव्याला, म्हणजे गोंदियाच्या अगदी वेशीवर. घरी माझी माय लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला उठवायला-बसवायला माझी बायको निर्मला, आणि सहा वर्षांची पोरगी नंदा. माय घर सोडून यायची नाही आणि निर्मला मायला सोडून यायची नाही. म्हणून मी क्वार्टरात एकटा भात शिजवायचो आणि दर पंधरा दिवसांनी छोट्या गाडीनं घरी जायचो. सात वर्षं! जीव नुसता कातावून गेला होता. अशात कळलं की गोंदियाचे बुकिंगबाबू मार्चात निवृत्त होणार. ती जागा माझ्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. मला ती पाहिजे होती. देवाकडे दुसरं काहीच मागत नव्हतो.

आता बगीच्याचं सांगतो. आमच्या लाईनीवर प्रत्येक बाबूचा बगीचा असायचा. करणार काय? दिवसाच्या मोजक्या चार गाड्या, आणि मधल्या वेळात फलाटावर कावळे. म्हणून क्वार्टराच्या मागं वाफे घालायचे, विहिरीचं पाणी ओढायचं, इंजिनाची राख पसरायची आणि एकमेकांना बी पाठवायचं. काडीपेटीच्या रिकाम्या डबीत बी भरून गार्डाच्या हाती दिलं की पुढच्या स्टेशनावर पोचलं. यात एक रीत होती. बियाच्या बदल्यात बीच द्यायचं, आणि बियासोबत आपल्या वाफ्यातली चिमूटभर माती पुडीत बांधून पाठवायची. माती म्हणजे जबान. हे माझ्याकडं उगवलं, मी खाल्लं, आता तू लाव, असा त्याचा अर्थ. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती, पण कोणी मोडलीही नव्हती.

माझ्याकडं टमाटर होते. आमच्याकडचे लोक त्याला भेदरं म्हणतात. पण गावात होते ते बोराएवढे, आंबटढाण. माझे मुठीएवढे, लालबुंद, रसाळ. बदली होऊन गेलेल्या एका जुन्या गार्डानं जाताना बी दिलं होतं आणि आख्ख्या लाईनीवर ते एकट्या माझ्याकडं होतं. गावातले म्हातारे ते शिवायचेसुद्धा नाहीत. माझा पैटमन चैतराम, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा माणूस, त्यानं दोन टमाटर घरी नेले तर त्याच्या मायनं चुलीपाशी येऊ दिले नाहीत. "मटणावानी दिसते, बाहेर फेक," म्हणाली. पठ्ठ्यानं ते सांध्याजवळ बसून मीठ लावून खाल्ले.

अर्जुनीचा बाबू हिरालाल. त्याच्याकडं ढोबळी मिरची होती, जाड सालीची, गोडसर, साहेबलोक भरून खातात ती. हिरालाल म्हणजे भोळा सांब. बायको-पोरं सोबत, एक म्हैस, आनंदात होता. त्याला गोंदियाची जागा हवी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण पोळ्याच्या आधी गार्ड खेमराज गाडीतून उतरला आणि माझ्या कानाला लागला. "बाबू, नवीन ट्रॅफिक साहेब येऊन राहिला जानेवारीत. रजिस्टर नाही पाहात तो, वाफे पाहाते. बगीच्याचा येडा आहे. अन् गोंदियाच्या जागेवर दोनच नावं आहेत. एक तुमचं, दुसरं हिरालालबाबूचं."

असं म्हणून त्यानं खिशातून काडीपेटी काढली. हिरालालचीच होती. आत ढोबळ्या मिरचीचं बी, एकेक दाणा निवडलेला. सोबत मातीची पुडी आणि चिठ्ठी: "केशोबाबू, रोप हाताएवढं झालं की शेंडा खुडा. माझी भूल झाली होती, तुम्ही करू नका. बदल्यात टमाटरचं बी पाठवा, घरवाली मागं लागली आहे."

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि मला राग आला. चांगुलपणाचाही राग येतो माणसाला. टमाटर मागून राहिला बेटा! माझेच टमाटर साहेबाला दाखवून माझ्याच उरावर बसणार! शेंडा खुडायचं मलाच शिकवतो!

नाही म्हणता येत नव्हतं. लाईनीवर नाव खराब झालं असतं. मग मी टमाटरचं चांगलं बी काढलं, वाटीत टाकलं आणि वरून उकळतं पाणी ओतलं. थोड्या वेळानं गाळलं, राखेत चोळलं, सावलीत वाळवलं. दिसायला अगदी जिवंत. डबीत भरलं, आणि हो, वाफ्यातली चिमूटभर मातीही पुडीत बांधली. त्या वेळी हात जरा थांबला होता, हे कबूल करतो. पण बांधली.

पंधरवड्यानं घरी गेलो तेव्हा निर्मलेला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. वाटलं, बायको खूश होईल, आता नवरा घरी येणार म्हणून. ती मायचं अंग पुसत होती. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"हे काय करून बसले तुम्ही?" ती म्हणाली. "त्या माणसानं तुमचं काय घोडं मारलं?"

"तुझ्यासाठीच केलं ना!"

"माझ्यासाठी? मी कधी म्हटलं, मेलेलं बी वाटा म्हणून? माझ्या नावावर नका घालू."

बायकांना राजकारण कळत नाही, असं मी मनात म्हटलं आणि गाडी धरली.

दसऱ्याच्या सुमारास हिरालालची दुसरी चिठ्ठी आली. "केशोबाबू, बी उगवलं नाही. तुमच्या बियाचा दोष असणार नाही, माझीच माती खराब दिसते. शेणखत टाकलं आहे, वरची माती काढून तळ्याची टाकली आहे. थोडं बी आणखी पाठवता का? लाज वाटते मागायला."

बाप्पा! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तळ्याची माती टोपल्यांनी वाहून आणली होती त्यानं, खेमराज सांगत होता, बायकोसकट. मी पुन्हा पाणी तापवलं. एकदा केलं होतं, आता मागं कसं फिरणार? शिवाय जानेवारी जवळ आला होता.

आणि माझा बगीचा काय बहरला, विचारू नका! हिरालालच्या मिरच्यांचे शेंडे वेळेवर खुडले, तर झाडं फांद्यांनी भरून गेली. टमाटरांना बांबूच्या काड्यांचे टेकू द्यावे लागले. साहेब आला. ऑफिसात पायसुद्धा ठेवला नाही, सरळ वाफ्यात. मडमबाई सोबत होती. तिनं टमाटर रुमालानं पुसून तिथंच दातानं तोडला आणि हसली. साहेबानं माझी पाठ थोपटली. दर शनिवारी एक टोपली बंगल्यावर पाठवायला सांगितली. चैतराम म्हणाला, "बाबू, झालं तुमचं गोंदिया!" मलाही तसंच वाटलं. मी त्याच दिवशी निर्मलेला पत्र टाकलं, मायच्या खाटेशेजारी माझ्या खाटेची जागा करून ठेव.

मार्चात हुकूम आला. गोंदियाला हिरालाल. मी सौंदडलाच, जागेवर कायम.

मी तो कागद उलटापालटा करून पाहिला. खेमराजनं सांगितलं, साहेब म्हणे, असा बाबू हलवला तर बगीचा कोण पाहील? मी हसलो. काय करणार? मग क्वार्टरात गेलो, दार लावलं आणि रडलो. खोटं कशाला सांगू, पोरासारखा रडलो.

एप्रिलात घरी गेलो तर ओसरीवर हिरालाल बसलेला. नंदा त्याच्या शेजारी फुटाणे खात होती. तो रोज संध्याकाळी येतो, मायला औषध आणून देतो, असं निर्मलेनं सांगितलं. मला बघून तो उठून उभा राहिला आणि त्याचे डोळेच भरून आले.

"केशोबाबू, माफ करा," तो म्हणाला. "ही जागा तुमची होती. मले नव्हती पाहिजे. म्हैस विकावी लागली, घरवाली रोज रडते अर्जुनीसाठी. मी साहेबाच्या पाया पडलो हो. म्हटलं, हुजूर, केशोबाबूची माय बिमार आहे, त्यायले द्या गोंदिया, मी इथंच बरा."

"मग?" मी म्हटलं.

"साहेब कबूल होता. पण म्हणाला, मेमसाहेबले टमाटर लागते. लाईनीवर टमाटर एका सौंदडले आहे. अर्जुनीत तू पिकवले असते, तर मी आजच्या आज केशोरावले सोडलं असतं. तुह्या टमाटरच्या वाफ्यात तर गवतही नाही, म्हणाला." त्यानं मान खाली घातली. "माह्या मातीनं तुमचा घात केला, बाबू. दोन-दोन डाव बी दिलं तुम्ही, तरी नाही उगवलं."

आतून मायच्या कण्हण्याचा आवाज येत होता. निर्मला चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्यावर ओरडून तरी मोकळा झालो असतो.

"हिरालाल," मी म्हटलं, "तुझी माती चांगली होती."

त्याला कळलं नाही. "काऊन, बाबू?"

मग मी सांगितलं. वाटी, उकळतं पाणी, राख, सावलीत वाळवणं, सगळं सांगितलं. नंदा समोर होती तरी सांगितलं. तो ऐकत राहिला. चहा त्याच्या हातात निवून गेला. त्यानं कप खाली ठेवला.

"दोन्ही डाव?" त्यानं विचारलं.

"दोन्ही डाव."